गाडीची सर्व्हिसिंग घरी: १,४०० वाचतात की ५,२०० जातात?

मागच्या व्हिडिओत मी दुकानाच्या इकोखाली झोपून ऑईल बदलताना दिसलो आणि त्यावर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न एकच होता: "सर, खरंच परवडतं का?" उत्तर हो आहे. पण तो हो कुठून येतो हे नीट समजून घ्या, कारण पहिल्या वर्षी माझं स्वतःचं उत्तर चुकलं होतं.

माझं कराडात पॅकिंगच्या मालाचं दुकान आहे. मिठाईचे खोके, द्रोण, पत्रावळी, टेप. त्यासाठी सेकंडहँड इको कार्गो घेतली. पहिल्या सर्व्हिसिंगचं बिल आलं ३,४०० रुपये. त्यात ऑईल, ऑईल फिल्टर, एअर फिल्टर, मजुरी आणि खाली एक ओळ, "इतर – २५०". बीबीए केलेल्या माणसाला "इतर" दिसलं की झोप लागत नाही. मी पार्टच्या दुकानात जाऊन भाव काढले. तोच माल २,००० मध्ये बसत होता. म्हणजे १,४०० ची बचत, असं मला वाटलं.

आता खरा हिशोब करू. मला या कामाला तीन तास लागतात. माझा तास फुकट आहे का? त्या वेळी दुकानातून महिन्याला साधारण ३६,००० सुटायचे आणि मी महिन्याला २४० तास काम करायचो. म्हणजे माझा तास १५० रुपयांचा. तीन तासांचे ४५० वजा केले की खरी बचत उरली ९५०. शिवाय हत्यारं लागतात: दोन जॅक स्टँड, रिंग पान्यांचा सेट, फिल्टर पाना, टॉर्क रेंच, ऑईल धरायचा ट्रे, हवा मोजायचा गेज. सगळे मिळून ४,५०० गेले. म्हणजे पाच सर्व्हिसिंग झाल्यावर हत्यारांचे पैसे वसूल. माझी गाडी महिन्याला १,५०० किमी फिरते, कायम भरलेली आणि दर चौकात थांबणारी. म्हणून मी मॅन्युअलमधला जड वापराचा तक्ता धरतो आणि ५,००० किमीला ऑईल बदलतो. वर्षाला तीन-चार वेळा. वसूल व्हायला सव्वा वर्ष लागलं.

तुमची गाडी वर्षाला एकदाच सर्व्हिसिंगला जात असेल तर हत्यारं घेऊ नका. आणि गाडी वॉरंटीत असेल तर हा लेख वाचा, पण पाना हातात घेऊ नका.

आता ५,२०० ची गोष्ट. त्या पहिल्या वर्षी टॉर्क रेंच मी "नंतर बघू" म्हणून घेतलाच नव्हता. दिवाळीला आठ दिवस होते, रविवार होता. मी ऑईल काढलं आणि ड्रेन बोल्टचा जुनाच वॉशर परत लावला, कारण वीस रुपयांसाठी परत बाजारात कोण जाणार? मग गळती नको म्हणून पान्याला पाइप लावून बोल्ट ताकदीने आवळला. चेंबरचे आटे गेले. मला कळलंही नाही. सोमवारी सकाळी गाडीखाली चार थेंब दिसले, मी ते पुसले आणि माल भरून उंब्रजला निघालो. रस्त्यात ऑईलचा लाल दिवा लागला.

एवढं एक बरोबर केलं की तिथेच इंजिन बंद केलं. तो दिवा लागल्यावर "गावापर्यंत जाऊ" म्हणणाऱ्यांची इंजिनं जाम होतात. गाडी ओढून आणली. चेंबर खाली उतरवून आटे दुरुस्त करायचे २,८०० झाले. दोन दिवस भाड्याचा टेम्पो, १,२०० प्रमाणे २,४०० झाले. एकूण ५,२००. एका मिठाईवाल्याचे दोन हजार खोके एक दिवस उशिरा पोचले, तोवर त्याने दुसरीकडून उचलले होते. ते गिऱ्हाईक परत यायला दीड वर्ष लागलं. त्याची किंमत मी या हिशोबात धरलेलीच नाही.

मिस्त्री वयस्कर होते. बोल्ट हातात घेऊन म्हणाले, "दादा, बोल्ट बसवायचा असतो. त्याला फाशी द्यायची नसते."

तेव्हापासून दोन गोष्टी ठरल्या. टॉर्क रेंच आधी, बाकी हत्यारं नंतर. आणि सीझनच्या तोंडावर गाडी उघडायची नाही. दिवाळीआधीची सर्व्हिसिंग मी पितृपक्षात करतो. तेव्हा मिठाईच्या खोक्यांना गिऱ्हाईक नसतं, माझ्या तासाची किंमतही कमी असते आणि काही बिघडलं तर दुरुस्तीला हातात दिवस असतात. तुमच्या धंद्याचा मंदीचा पंधरवडा कुठला, ते बघा आणि कॅलेंडरवर खूण करा.

आता प्रत्यक्ष काम. ऑईलचा ग्रेड आणि किती लिटर लागतं हे मॅन्युअलमध्ये बघा, पार्टवाला "हे पण चालतं" म्हणाला तरी. गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही, एका मिनिटासाठीही जायचं नाही. जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला स्टँड. यात काटकसर नाही.

इंजिन पाच मिनिटं चालवून कोमट करा म्हणजे ऑईल पातळ होऊन नीट निथळतं. फार गरम असेल तर हात भाजेल. वरचं झाकण सैल करा, खाली ट्रे ठेवा, बोल्ट काढा, वीस मिनिटं निथळू द्या. जुना फिल्टर काढल्यावर त्याची रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना, ते बोट फिरवून बघा. राहिली आणि त्यावर नवा फिल्टर बसवला तर सगळं ऑईल रस्त्यावर जाईल. नव्या फिल्टरच्या रिंगला ताज्या ऑईलचं बोट लावा आणि तो हातानेच बसवा, किती फिरवायचा ते त्याच्यावर छापलेलं असतं. ड्रेन बोल्टला नवा वॉशर लावा, पहिले आटे हाताने पकडा, मग मॅन्युअलमधल्या आकड्यावर टॉर्क रेंच लावा. क्लिक झालं की थांबा.

ऑईल ओतताना सांगितल्यापेक्षा थोडं कमी ओता. इंजिन सुरू करा, लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. बंद करून पाच मिनिटं थांबा, खाली थेंब बघा, मग डिपस्टिकच्या दोन खुणांच्या मध्ये पातळी आणा. वरच्या खुणेच्या पुढे गेलं तर तेही वाईट, काढून टाकावं लागतं. जुनं ऑईल गटारात किंवा मोकळ्या जागेत ओतू नका. कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, त्यांच्याकडे ते गोळा करणारे येतात.

बाकीची कामं सोपी आहेत. टायरची हवा सकाळी थंड असताना मोजा, भरलेल्या गाडीचा आकडा दाराजवळच्या स्टिकरवर वेगळा असतो. टायरच्या खाचेत एक छोटा उंचवटा असतो, रबर झिजून त्याला टेकलं की टायर बदला. कायद्याची मर्यादा १.६ मिमी आहे. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी पूड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने जाते; निगेटिव्ह आधी काढायचं, शेवटी लावायचं. कूलंट इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच बघा आणि बोअरचं पाणी त्यात कधीही घालू नका, आतून क्षार धरतात.

ब्रेकला मी हात लावत नाही. ब्रेक ऑईलची पातळी फक्त बघतो. ती उतरत असेल तर पॅड झिजलेत किंवा गळती आहे. वरून ऑईल ओतून ते लपवायचं नाही, गाडी सरळ मिस्त्रींकडे. सीएनजी किट, स्टिअरिंग, सस्पेन्शन, तेही त्यांचंच. सीएनजीच्या टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी लागते, तारीख लिहून ठेवा. मी वर्षातून दोनदा मिस्त्रींना २०० रुपये देऊन गाडी फक्त खालून बघायला लावतो. सर्व्हिसिंग घरी केली म्हणून त्यांच्याशी नातं तोडलं असतं तर दिवाळीत त्यांनी माझी गाडी आधी घेतली असती का?

पार्ट घेताना बिल दुकानाच्या नावाने आणि जीएसटी नंबर टाकून घ्या. माल वाहतुकीच्या गाडीच्या खर्चावर इनपुट क्रेडिट मिळू शकतं. चालक धरून तेरा आसनांपर्यंतच्या प्रवासी गाडीच्या सर्व्हिसिंगवर सहसा मिळत नाही आणि कंपोझिशनमध्ये असाल तर कशावरच नाही. तुमच्या केसबद्दल सीएंना विचारा.

आणि आता ज्यासाठी मी हे सगळं लिहिलं ती वही. गाडीत एक शंभर पानी वही ठेवा: तारीख, किलोमीटर, काय केलं, किती गेले. पेट्रोल, हवा, पंक्चर, विमा, सगळं त्यात. स्वतः ऑईल बदलायला लागेपर्यंत मी हे लिहीत नव्हतो, कारण बिलं गॅरेजवाला ठेवायचा आणि मी फक्त पैसे द्यायचो. वर्षाअखेर बेरीज करून किलोमीटरने भागलं. माझा आकडा दहाच्या आसपास आला: सात रुपये पेट्रोल, तीन बाकीचं.

मग जुन्या ऑर्डरी उघडल्या. एका केटररला मी आठवड्याला फुकट डिलिव्हरी द्यायचो, जाऊन-येऊन ४० किमी. म्हणजे ४०० रुपये गाडीचे. त्या ऑर्डरवर माझा नफा होता ३००.

मी त्यांना फोन केला. म्हटलं, काका, दर आठवड्याऐवजी पंधरा दिवसांची ऑर्डर एकदम द्या, डिलिव्हरी फुकटच राहील. ते म्हणाले, "अरे, मग आधी का नाही बोललास? मला पण गोडाऊन आहे की."