सेवा करणाऱ्यांची काळजी
(अभ्यासपाठ : १ राजे, अध्याय १९)

वेळेवर जेवा, पुरेसे झोपा, थोडे चाला, असे रोग्यांना सांगणे हे परिचारिकेचे रोजचे काम. पण मैलूर भागातून बीदरच्या इस्पितळांत पाळीवर जाणाऱ्या भगिनींना हेच नियम स्वतः पाळणे जड जाते. हे अज्ञानामुळे होत नाही. रात्रपाळीने शरीराचे घड्याळ बिघडते, दिवसा झोप पुरी होत नाही. थकलेला जीव चहा-बिस्किटांवर भागवतो. ताण वाढला की प्रथम चांगल्या सवयी सुटतात, आणि त्या सुटल्या की ताण सोसण्याची शक्तीही कमी होते.

कामाचा ताण दीर्घकाळ आवरला गेला नाही तर होणाऱ्या अवस्थेची तीन लक्षणे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितली : शक्ती संपून जाणे, कामावरून मन उडणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे.

आता एलीयाकडे पाहू या. कर्मेलावर मोठे कार्य करूनही तो रतामाच्या झुडपाखाली मरण मागू लागला. देवाने त्याला लगेच उपदेश केला नाही. त्याला झोप मिळाली, भाकर व पाणी मिळाले, आणि तेही दोनदा. होरेबाची वाट त्यानंतरची. पुढे अलीशासारखा सोबतीही मिळाला.

मानसशास्त्रज्ञ मनाची चार बळे सांगतात : आशा, आपल्याला जमेल हा विश्वास, पडल्यावर पुन्हा उठण्याची ताकद आणि चांगले घडेल ही दृष्टी. ज्या भगिनीत ही बळे असतात तिला दमल्यावरही घरचा डबा नेणे, झोपेची वेळ राखणे सोपे जाते. ही बळे वाढवता येतात. मात्र मन घट्ट कर, एवढे सांगून आपण मोकळे होऊ नये. पाळ्यांची न्याय्य वाटणी व पुरेशी माणसे ही इस्पितळाची जबाबदारी आहे. रात्रपाळी करून आलेल्या सुनेला चुलीपुढे उभे न करणे ही घराची. आणि ती रविवारी उपासनेस दिसली नाही, तर दोष देण्याआधी ती जेवली का, झोपली का, हे विचारणे ही आपल्या मंडळीची.

वर्गात चर्चेसाठी :
१. एलीयाला आधी विश्रांती का मिळाली?
२. आपल्या मंडळीतील परिचारिकांसाठी या महिन्यात आपण कोणते एक काम हाती घेऊ?