फोटोत चेहरा चांगला कसा येतो?



फोटो म्हटला की आपण आधी कॅमेऱ्याची चौकशी करतो. कितीचा आहे, कुठून आणला, वगैरे. पण स्टुडिओतला फोटोग्राफर आधी उजेड बघतो. शिक्षक होण्यापूर्वी, १९९० च्या सुमारास, मी तालुक्याच्या गावी एका फोटो स्टुडिओत कामाला होतो. पहिला महिनाभर मला कॅमेऱ्याला हात लावायला मिळाला नाही. दिवे हलवायचे आणि सावली कुठे पडते ते बघायचे, एवढेच काम! तिथे जे शिकलो ते आज तुम्हांला सांगतो.

थोडा इतिहास

१८३९ साली फ्रान्समध्ये दागेर यांची फोटो काढण्याची रीत जगापुढे आली. तेव्हा विजेचे दिवे नव्हते. म्हणून युरोपातल्या स्टुडिओंना काचेचे छप्पर किंवा उत्तरेकडे मोठी काचेची खिडकी असे. उत्तरेकडून थेट ऊन येत नाही, नुसता शांत उजेड येतो. आपल्या देशात राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) हे फार नावाजलेले फोटोग्राफर होऊन गेले. त्यांचा एक स्टुडिओ मुंबईतही होता.

उजेड कुठून यावा?

१) मुख्य दिवा : हा अगदी समोर ठेवला तर चेहरा भाकरीसारखा चपटा दिसतो. खालून ठेवला तर भुतासारखा दिसतो. म्हणून तो एका बाजूला, नाकाच्या रेषेशी सुमारे ४५ अंशांचा कोन करून, डोक्यापेक्षा थोडा उंच ठेवतात. मग नाकाची सावली तिरपी गालाकडे पडते आणि चेहऱ्याला उठाव येतो.

२) दुसरी बाजू : मुख्य दिव्यामुळे दुसरा गाल काळोखात जातो. तिकडे कमी उजेडाचा दिवा किंवा नुसता पांढरा पुठ्ठा धरला तरी काम होते. उजेड पुठ्ठ्यावर आपटून गालावर परत येतो.

३) मागचा दिवा : काळे केस आणि मागे गडद पडदा असला, तर डोके कुठे संपले ते कळत नाही. मागून केसांवर थोडा उजेड टाकला की कडा उजळते.

आमच्या स्टुडिओत दिव्यापुढे पांढरी छत्री असायची. पावसासाठी नव्हे हं! लहान दिव्याची सावली धारदार पडते. तोच उजेड मोठ्या पांढऱ्या कापडावर पसरला की सावली मऊ होते. ढगाळ दिवशी आपली सावली पुसट पडते ना, त्याचे कारण हेच.

कॅमेरा कुठे असावा?

साधारण डोळ्यांच्या उंचीवर, आणि फार जवळ नाही. गणित करून बघा. कॅमेरा नाकापासून ३० सेंमीवर असेल तर कान सुमारे ४२ सेंमीवर येतो. म्हणून नाक मोठे आणि कान बारके दिसतात. दोन मीटर मागे गेलात तर नाक २०० आणि कान २१२ सेंमीवर. आता फरक किती उरला? भागाकार करून सांगा पाहू.

फोकस नेहमी डोळ्यांवर धरावा. डोळ्यांत दिव्याचा एक पांढरा ठिपका चमकला पाहिजे. तो नसला तर माणूस झोपाळू वाटतो.

‘मला गोरा करा’

स्टुडिओत कितीतरी जण हेच सांगायचे. तेव्हा निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहरा उजळ करीत. आता काही मोबाइल आपणहूनच तसे करतात. आमचे मालक मात्र म्हणायचे, “अरे, रंग कशाला बदलतोस? दिवा बदल.” ते खरेच आहे. मागे पांढरीशुभ्र भिंत असली की कॅमेऱ्याला वाटते उजेड फार आहे, आणि तो सगळे चित्र काळपट करतो. मागे करडा किंवा मातकट पडदा लावा, पांढरा पुठ्ठा जवळ आणा, मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवा. सावळा चेहरा सावळाच, पण स्वच्छ आणि तेजदार येतो.

हे शिकायचे कशासाठी?

आमच्याकडे लोक ओळखपत्रावरचा बोटभर फोटो घेऊन यायचे. “आई गेली. एवढाच फोटो आहे. मोठा करून द्या.” लहान फोटो मोठा केला की तो फुटतो. नाक, डोळे पुसट होतात. मग भिंतीवर आईऐवजी आईसारखी कुणीतरी दिसते. फार वाईट वाटायचे. म्हणून माणूस हसतबोलत असतानाच त्याचा एक चांगला फोटो काढून ठेवावा.

करून पाहा

१) मित्राला खिडकीजवळ बसवा. तोंड खिडकीकडे, मग आडवे, मग पाठ खिडकीला. तिन्ही वेळा सावली कुठे पडली ते वहीत काढा. कॅमेरा नसला तरी चालेल.

२) आडवे बसवून दुसऱ्या गालाजवळ पांढरी कार्डशीट धरा. काय बदलले ते लिहा.

३) घरी मोबाइल असल्यास आजीआजोबांना विचारून त्यांना दाराजवळच्या सावलीत बसवा. “हसा” म्हणू नका. त्यांच्या लहानपणची गोष्ट विचारा आणि ती सांगताना फोटो काढा.

आलेला फोटो आधी त्यांना दाखवा बरं का!