कृष्णकमळाची स्प्रिंग

मनोरी हे मुंबईच्या उपनगरांतील समुद्रकाठचे गाव. मार्व्याहून तरीने खाडी ओलांडली की आपण तेथे पोहोचतो. पश्चिमेस उघडा समुद्र असल्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्येचा मोसमी वारा तेथल्या झाडावेलींना चांगलाच झोडपतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. त्यातून सदाहरित वेलीच्या अंगावर पानांचे शीड बारा महिने उभारलेलेच! मग अशा अंगणात कृष्णकमळाच्या नाजूक वेलीचा टिकाव कसा लागतो?

सगळ्याच वेली एका रीतीने चढत नाहीत. गोकर्णाचे खोड स्वतःच आधाराभोवती वेढे घेते. बोगनवेल काट्यांच्या मदतीने शेजारच्या झाडावर रेलते; बागेत तिला बांधावे लागते. कृष्णकमळाच्या पानांच्या बगलेतून मात्र दोऱ्यासारखे बारीक ताणे निघतात. त्यांना शास्त्रीय भाषेत प्रतान म्हणतात.

चार्ल्स डार्विनने चढणाऱ्या वनस्पतींवरचा आपला निबंध १८६५ साली प्रसिद्ध केला. कृष्णकमळाच्या कुळातील एका वेलीच्या ताण्याला त्याने काडीने स्पर्श केला, तेव्हा सुमारे अर्ध्या मिनिटातच ताण्याचे टोक वाकू लागले. पाण्याचे थेंब पडल्याने मात्र ते वाकले नाही. पाऊस कोणता आणि आधार कोणता, हे ताण्याला बरोबर कळते!

टोकाने आधार पकडल्यावर खरी गंमत सुरू होते. ताण्याचा मधला भाग गुंडाळत जाऊन त्याची स्प्रिंग बनते. ताणा सरळच राहिला असता, तर वाऱ्याचा झटका एकदम बसून तो तुटला असता. स्प्रिंग लांबते, त्यामुळे झटका अधिक वेळात विभागला जातो आणि बल कमी पडते. झेल घेताना खेळाडू हात मागे नेतो, त्यातले तत्त्व हेच. डार्विन अशीच एक वेल पाहण्यासाठी मुद्दाम वादळात बाहेर पडला होता. त्याने तिला नांगर टाकून वादळ झेलणाऱ्या जहाजाची उपमा दिली आहे. मनोरीच्या खाडीत नांगरलेल्या होड्या पाहिलेल्यांना ती सहज पटेल.

आता ही स्प्रिंग नीट न्याहाळा. अर्ध्या भागातील वळसे एका दिशेने, तर उरलेल्या भागातील वळसे उलट दिशेने गेलेले दिसतील. असे का? ताण्याची दोन्ही टोके पक्की आहेत; एक वेलीला, दुसरे आधाराला. टोके फिरू शकत नसल्याने एका बाजूस पडलेला प्रत्येक पीळ दुसऱ्या बाजूच्या उलट्या पिळाने फिटावा लागतो.

हे घरी करून पाहता येईल. मोठ्या बटणाच्या दोन भोकांतून दोरा ओवून भिंगरी तयार करा. दोऱ्याची टोके दोन्ही हातांत धरून बटण फिरवा. बटणाच्या डाव्या व उजव्या बाजूंचे पीळ एकमेकांच्या उलट असतील. ताण्याच्या मध्यभागीही असेच एक अदृश्य बटण फिरते, असे समजा.

हार्वर्ड विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०१२ साली काकडीच्या ताण्यांचा अभ्यास केला. त्यांत तंतुमय पेशींची एक पट्टी असते आणि तिची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त आकसते. त्यामुळेच ताणा गुंडाळला जातो, असे त्यांना आढळले.

यातून माळ्याला काय शिकता येईल? जाड खांब किंवा गुळगुळीत भिंत ताण्याला पकडता येत नाही. म्हणून कृष्णकमळाला सुतळीची जाळी, बारीक तार किंवा पेन्सिलीपेक्षा बारीक काठ्या द्याव्यात. किनाऱ्यावरच्या घरी वेल पूर्वेच्या बाजूस, भरपूर उजेडात लावावी, म्हणजे खाऱ्या वाऱ्याला घराचा आडोसा होतो. वेलीला सुतळीने करकचून बांधू नये. झोके घेण्याची सोय तिने स्वतःच केलेली आहे.

आता एक काम तुमच्यासाठी. आधार पकडलेले दहा ताणे आणि आधार न मिळता नुसतेच गुंडाळलेले दहा ताणे शोधा. प्रत्येकातील दोन्ही दिशांचे वळसे मोजून वहीत तक्ता करा. दोन गटांत कोणता फरक आढळतो? सुटे टोक फिरायला मोकळे असते, एवढे ध्यानात ठेवले की उत्तर तुमचे तुम्हालाच सापडेल.