आप्तगृहीची यात्रा आणि जीविकेचा मार्ग

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधातील श्रीकृष्ण-बलरामांच्या विद्याभ्यासाची कथा आपणां उज्जयिनीकरांस लहानपणापासून ठाऊक असते. कंसवधानंतर दोघा बंधूंचे उपनयन झाले, आणि गोकुळात गाई राखणारी ती मुले सांदीपनींच्या आश्रमात येऊन राहिली. चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला त्यांनी आत्मसात केल्या, असे भागवतकार सांगतात. अंकपाताचे नावही त्यांच्या पाटीवरील अंक तेथे धुतले गेले म्हणून पडले, अशी आपली परंपरा आहे. परंतु त्याच स्कंधातील एका गोष्टीकडे आपले लक्ष सहसा जात नाही. पुढे मित्रविंदेच्या विवाहाचा प्रसंग येतो, तेथे कळते की तिची माता, अवंतीची राजाधिदेवी, ही श्रीकृष्णाची आत्या होती. म्हणजे ज्या नगरीत तो गुराख्याचा विद्यार्थी झाला, ती त्याच्या आत्याची नगरी. आत्याकडे त्याचा पाहुणचार झाला की नाही, हे पुराण सांगत नाही. गुरुपत्नीच्या आज्ञेवरून सुदाम्यासह रानात सरपण आणावयास गेला, हे मात्र सांगते.

ही कथा आज काढण्याचे कारण असे. दिवाळीत अथवा उन्हाळ्याच्या सुटीत आपली कुटुंबे नागपूर, पुणे, नाशिक येथील आप्तांकडे जातात. तेथे तरुण मुलास पहिला प्रश्न होतो, “सध्या काय करतोस?” आणि दुसरा, “पुढे काय करणार?” घरी वर्षभर कोणी न विचारलेले हे प्रश्न परगावी चार जणांदेखत विचारले जातात. मग मामांचे दुकान, मेव्हण्यांची कचेरी, आतेभावाचा कारखाना पाहून मुलाच्या मनात काहीतरी हलते. परतल्यावर तो म्हणतो, “मला आता हे करावयाचे आहे.” वडीलमंडळी त्यास प्रवासातील लहर म्हणतात. कधी ती लहर असते, कधी नसते. पण ओळखावयाची कशी, हाच खरा प्रश्न आहे.

ह्यासाठी दूर जाण्याचे प्रयोजन नाही. आपल्याच गावी राहिलेले डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर ह्यांचे उदाहरण पाहावे. त्यांचा जन्म 4 मे 1919 रोजी नीमच येथे झाला. ते मूळचे चित्रकार. उज्जैनच्या भारती कला भवनात त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसे ह्या शहरात होऊन गेली. 1957 मध्ये आगगाडीने प्रवास करीत असता भोपाळच्या दक्षिणेस विंध्याचे काही विलक्षण आकाराचे खडक त्यांस खिडकीतून दिसले. ते तेथे उतरून डोंगरावर गेले. तेच भीमबेटका. त्या शैलाश्रयांच्या भिंतींवर तांबड्या व पांढऱ्या रंगांत शिकारी, नर्तक, हत्ती, घोडे, गवे रेखाटलेले होते. हा प्रवास आप्तांकडचा होता असे आम्ही म्हणत नाही. आम्हांस त्यातील खिडकीपाशीच थांबावयाचे आहे.

त्या लोहमार्गावरून त्यापूर्वी किती माणसे गेली असतील! 1888 मध्ये किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ह्या स्थानाचा उल्लेखही केला होता. पण लोकांकडून ऐकलेल्या माहितीवरून त्याने ते बौद्धांचे स्थान म्हणून नोंदले. वाकणकरांनी मात्र पाहिले, कारण त्यांची दृष्टी चित्रकाराची होती, आणि चंबळच्या खोऱ्यातील चित्रित गुहांचा परिचय त्यांस आधीच झालेला होता. चित्रकला टाकून ते पुरातत्त्वाकडे वळले असे समजणे बरोबर नव्हे. गुहांतील चित्रांच्या प्रतिकृती त्यांनी स्वतःच्या हाताने उतरविल्या. हातातील तीच कुंचली नव्या कामास लागली.

दुसरी गोष्ट कालावधीची. 1957 साली खडक दिसले, परंतु भीमबेटक्याचे मोठे उत्खनन 1970 नंतरच्या दशकात झाले. त्यात वाकणकरांप्रमाणेच पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. वि. ना. मिश्र हेही होते. मधली दीड तपे वाकणकर रानोमाळ हिंडत होते. उज्जैनपासून जवळच असलेल्या कायथ्याची ताम्रपाषाणयुगीन वसाहत त्याच काळात उजेडात आली. चार हजार वर्षांपूर्वीची ती संस्कृती आज कायथ्याच्याच नावाने ओळखली जाते. वराहमिहिराचे गाव म्हणून त्या कायथ्याची ख्याती आपण ऐकतोच. दूरच्या डोंगरावर कसलेली नजर घराशेजारच्या टेकाडावरही चालली, हे आम्हांस विशेष वाटते. 1975 मध्ये पद्मश्री मिळाली. 1988 मध्ये सिंगापूर येथे ते निवर्तले. भीमबेटका जागतिक वारशाच्या यादीत आले ते 2003 मध्ये, म्हणजे त्यांच्या पश्चात.

ह्यावरून लहर आणि मार्ग ह्यांची पारख काहीशी करता येते. परगावी जे पाहिले ते आवडले का, एवढेच मुलास विचारून भागत नाही. तुझ्या हाती आज जे आहे ते तेथे उपयोगी पडेल का, आणि पाहुणचार नसताना, स्वतःच्या खर्चाने, तू तेथे पुन्हा जाशील का, हे विचारावे.

पौरोहित्य चालत आलेल्या घरांत हा प्रश्न अधिक बोचतो, हे आम्ही त्याच घरात वाढल्यामुळे जाणतो. मुलाने दुसरे काम करतो म्हणताच, देवाची पूजा पुढे कोण करील हा विचार वडिलांच्या मनात प्रथम येतो. तो विचार क्षुद्र नाही, व तरुणांनी त्यास हसू नये. तथापि संथा घेताना कमावलेले पाठांतर, पंचांग पाहताना जडलेला गणिताचा सराव, पहाटे उठण्याची शिस्त ही मुलाबरोबर जातात. पंचांगात रमणारा मुलगा येथल्या वेधशाळेतील यंत्रांपाशी उभा राहून ज्योतिर्गणिताकडे वळला, तर त्याने घर सोडले असे आम्ही तरी म्हणणार नाही. मात्र सणावारी पूजेस कोण बसणार, हे त्याने निघण्यापूर्वी वडिलांशी बोलून ठरवावे. परगावाहून पत्र पाठवून अथवा दूरध्वनी करून नव्हे.

ह्या सुटीत ज्यांना भोपाळ-इटारसीवरून नागपुरास जावयाचे असेल, त्यांनी ओबेदुल्लागंजच्या सुमारास मुलांस खिडकीपाशी बसवावे. भीमबेटका तेथून जवळ आहे. उतरून पाहावयाचे असल्यास सबंध दिवस हाताशी ठेवावा, पाणी बरोबर घ्यावे, आणि चित्रांस हात लावू देऊ नये.