युद्धाची दुसरी बाजू

रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया या बलाढ्य शेजाऱ्यांनी १७७२ ते १७९५ या काळात पोलंडची तीनदा वाटणी केली आणि युरोपच्या नकाशावरून तो देश नाहीसा झाला. १९१८ साली तो पुन्हा स्वतंत्र झाला. मधल्या १२३ वर्षांत पोलिश जनतेला राज्य नव्हते. परंतु भाषा होती. युद्धाने दिलेली दुःखे तेथील लेखकांनी या भाषेत जपून ठेवली.

हेन्रिक शेन्क्येविच यांनी १८८४ ते १८८८ या काळात सतराव्या शतकातील युद्धांवर तीन कादंबऱ्या प्रसिद्ध केल्या. त्यांत रक्तपात आहे, तसाच पराक्रमही आहे. पारतंत्र्याने खचलेल्या देशबांधवांना धीर द्यावा, हाच लेखकाचा हेतू होता.

परंतु युद्धात सारेच वीर नसतात. स्तेफान झेरोम्स्की यांनी १८९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका कथेत १८६३ च्या फसलेल्या उठावाचे चित्र रेखाटले आहे. शस्त्रे घेऊन जाणारा क्रांतिकारक रशियन शिपायांकडून मारला जातो. मग एक दरिद्री शेतकरी येतो, प्रेतावरील कपडे काढून घेतो आणि या लाभाबद्दल देवाचे आभार मानतो! ज्याला पिढ्यान्‌पिढ्या दास्यात व अज्ञानात ठेवले, त्याला स्वातंत्र्याची हाक कशी ऐकू यावी, असा प्रश्न ही कथा सुशिक्षितांपुढे उभा करते.

१९३९ साली जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले. युद्ध संपल्यावर झोफ्या नाऊकोव्स्का या लेखिकेने नाझी अत्याचारांच्या चौकशी-मंडळात काम केले व १९४६ साली आठ छोट्या कथांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांतील एका कथेत, मृत्युछावणीकडे जाणाऱ्या आगगाडीतून निसटलेली एक ज्यू स्त्री जखमी होऊन रुळांशेजारी पडली आहे. गावकरी जमतात, पण ज्यूंना साहाय्य करणाऱ्यास देहदंड आहे. एक वृद्धा तिला दूध व पाव देऊन लगबगीने निघून जाते. आसरा मात्र कोणीच देत नाही. लेखिका आक्रोश करीत नाही आणि कोणाला दोषही देत नाही.

शौर्यकथा मनाला उभारी देते. तिचीही आवश्यकता असते. परंतु ही शांत कथा वाचकालाच त्या रुळांपाशी नेऊन उभे करते. ‘मी तेथे असतो, तर काय केले असते?’ या प्रश्नाचे उत्तर ज्याचे त्यानेच शोधावयाचे असते.

स्वाध्याय
१. शेन्क्येविच यांनी कादंबऱ्या कोणत्या हेतूने लिहिल्या?
२. गावकऱ्यांनी जखमी स्त्रीला आसरा का दिला नाही? त्यांच्या वागण्याविषयी तुमचे मत सकारण लिहा.