दमलेलं बाळ झोपत का नाही?

प्रश्न : डॉक्टर, आमची मुलगी आठ महिन्यांची आहे. घरी ती रोज आठला झोपते. मागच्या आठवड्यात मामेसासऱ्यांच्या साठीला हॉलवर गेलो होतो, तिथे साडेदहापर्यंत टक्क जागी होती आणि घरी आल्यावर तासभर रडली. इतकी दमलेली असून ती झोपली का नाही? आता गणपतीला आठ दिवस कणकवलीजवळ आमच्या गावी जायचंय. सासूबाई फोनवर म्हणाल्या, ‘‘आठ दिवसांनी काय बिघडतंय?’’ गावी तिच्या झोपेचं काय करू?
– एक आई, पुणे

उत्तर : तुमच्या प्रश्नातलं ‘असून’ मला महत्त्वाचं वाटतं. मूल जितकं दमेल तितकं पटकन झोपेल, असं आपण धरून चालतो. बाळांचं तसं नसतं. झोपेला आलेलं बाळ डोळे चोळतं, कान ओढतं, खेळण्याकडून नजर वळवतं. ती दहा-पंधरा मिनिटं हातची गेली की त्याचं शरीर जागं राहण्यासाठी धडपडू लागतं. त्यातच हॉलमधले प्रखर दिवे, स्पीकर आणि या हातातून त्या हातात जाणं. झोप आणणारं मेलाटोनिन उजेडात नीट तयार होत नाही. मग बाळ तरतरीत दिसतं, ‘बघा, हिला झोपच नाही’ असं सगळे कौतुकाने म्हणतात आणि घरी आल्यावर ते रडू फुटतं. जुन्या बायका अशा वेळी ‘पोर आंबलंय’ म्हणतात. नेमका शब्द आहे.

चार महिने ते एक वर्ष या वयात दिवसरात्र मिळून 12 ते 16 तास झोप लागते. त्यामुळे एखादी उशिराची रात्र झाली म्हणून जीव टांगणीला लावू नका. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेच्या आसपास उठवा, खिडकी उघडून उजेड येऊ द्या, दुपारची झोप थोडी लांबली तर लांबू द्या. सकाळ सावरली की रात्र आपोआप जागेवर येते.

समारंभाला शक्यतो सहालाच जा, भेटीगाठी उरकून आठच्या आत निघा. निघण्याआधी तिथेच तिचे कपडे बदला, पाजा. गाडीत सीटवर झोप लागली तर घरी पोचताच सपाट अंथरुणावर उताणी ठेवा. बसल्या बसल्या मान पुढे पडली तर श्वासाला अडथळा येऊ शकतो, म्हणून ‘उठेल’ या भीतीने सीटवरच ठेवू नका.

गावी घड्याळ पाळणं अवघड आहे. क्रम पाळता येतो. अंग पुसणं, कपडे, दूध, अंगाई, अंधार, जे घरी करता तेच आणि त्याच क्रमाने. तिची नेहमीची चादर न धुता न्या, तिला वास ओळखीचा लागतो. माजघरात ओळीने गाद्या पडतात, तिथे तिला जाड गोधड्यांच्या गर्दीत झोपवू नका. तुमच्याशेजारी वेगळं, घट्ट अंथरूण घाला, उशी नको, वर मच्छरदाणी हवी. झांजा आणि मृदंग सुरू होण्याआधी तिला लांबच्या खोलीत न्या. पहिल्या रात्री ती दोन-तीनदा उठेलच; नवी जागा आहे. दिवा न लावता थोपटा.

सासूबाईंशी वाद घालू नका. थोपटून झोपवण्याचं काम दुपारी त्यांनाच द्या. त्यांच्याकडे गाणी तुमच्यापेक्षा जास्त असतील आणि बाळाला त्या आवाजाची सवय झाली की संध्याकाळी तुम्हालाही आरतीला बसता येईल.

एका गोष्टीत मात्र अजिबात ऐकू नका. ‘सहाणेवर जायफळ उगाळून मधातून चाटव, गाढ झोपेल,’ असं कुणी ना कुणी सांगेलच. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण जायफळ जास्त झालं तर नशा चढते आणि सहाणेवरच्या वळशांचा हिशेब आठ महिन्यांच्या शरीराला लागू पडत नाही. मध तर वर्षाच्या आत मुळीच नको. त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. प्रवासात झोपावी म्हणून सर्दी-खोकल्याचं औषध देणं तितकंच धोक्याचं. गुंगी आणि झोप या वेगळ्या गोष्टी आहेत, गुंगीत श्वासही मंदावू शकतो.

आणखी एक. घरच्या आरतीची वेळ घरातलीच माणसं ठरवतात. यंदा ती सातला करता येईल का, हे सासूबाईंना आत्ताच फोन करून विचारा.