हर्णैचा किनारा

दापोलीहून एस. टी.ने आम्ही हर्णैला पोहोचलो, तेव्हा दुपार टळली होती. समुद्रात लाल, निळ्या, पिवळ्या होड्या डुलत होत्या. त्यांवर रंगीत निशाणे फडफडत होती. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग! २०२५ साली त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. मुलांचे लक्ष मात्र मासळीच्या लिलावाकडे होते. पापलेट, सुरमई, कोळंबी यांचे ढीग वाळूतच विकले जात होते.

एक म्हातारी कोळीण रिकामी टोपली घेऊन पाण्याकडे पाहत बसली होती.

"मावशी, काय पाहता?" एका मुलीने विचारले.

"लेकाची होडी यायचीय, बाय."

मग आम्ही जवळच्या मुरुडला गेलो. ते महर्षी कर्वे यांचे गाव. तेथील वाळूवर मुले मनसोक्त खेळली. ती मुलगी मात्र गप्पच होती. सूर्यास्ताला हर्णैला परतताच ती धावत किनाऱ्यावर गेली.

मावशीची टोपली भरली होती.